पंपाला किती?

भाजीपाल्यावर विषारी औषधे फवारणारा शेतकरी हा अडाणी, बेफिकीर किंवा निव्वळ लोभी असतो, असा एक समज शहरातल्या सुशिक्षित घरांतून अलीकडे रूढ झाला आहे, आणि भाज्यांत सापडलेल्या विषांशांची बातमी वर्तमानपत्रात झळकली की तो अधिकच दृढ होत जातो. जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या आसपासचे टोमॅटोचे मळे ज्यांनी हिंडून पाहिले आहेत, किंवा निफाड-दिंडोरीकडल्या एखाद्या बागायतदाराबरोबर वांग्याच्या सरीतून जे चार पावले चालले आहेत, त्यांना हा समज अन्यायाचा वाटल्यावाचून राहणार नाही. हा शेतकरी आपल्या पिकाविषयी पुष्कळ जाणतो. मिरचीचा शेंडा बोकडलेला दिसला म्हणजे ते काम फुलकिड्यांचे की कोळ्यांचे, हे तो पानाची कड वर वळली आहे की खाली, एवढ्यावरून सांगतो. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या की पांढरी माशी आपले काम करून गेली हे ओळखतो. आणि ढगाळ, दमट हवा दोन-तीन दिवस टिकली की टोमॅटोवर करपा येणार, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. हे ज्ञान त्याला वडिलोपार्जित मिळालेले नाही, कारण संकरित टोमॅटो आणि ढोबळी मिरची ही पिके त्याच्या आजोबांच्या काळी या मुलखात जवळजवळ नव्हतीच. ते त्याने स्वतः, नुकसान सोसून, डोळ्यांनी पाहून मिळवलेले आहे.

परंतु फवारणीच्या व्यवहारात जे जे निर्णायक आहे, ते ते नेमके डोळ्यांआड घडत असते. किडीचे अंडे, औषधातील मूळ रेणू, कातडीतून रक्तात शिरणारा विषाचा अंश आणि फळाच्या गरात मागे उरणारे अवशेष, यांपैकी एकही गोष्ट बांधावर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याविषयी त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे. ते कोण सांगतो, केव्हा सांगतो आणि सांगणाऱ्याचा त्यात हितसंबंध काय, या प्रश्नांची उत्तरे शोधू गेल्यास शेतकऱ्याच्या पुष्कळशा सवयींचा उलगडा होतो.

प्रथम वांग्याचा दाखला घेऊ. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी ही या पिकाची आपल्याकडील सर्वांत मोठी वैरीण होय. तिचा पतंग लहानसा, पांढुरक्या पंखांवर तपकिरी-गुलाबी ठिपके असलेला. त्याची मादी रात्रीच्या वेळी पानाच्या खालच्या बाजूस, कोवळ्या शेंड्यावर किंवा कळीजवळ एकेक सुटे अंडे घालून जाते. तीन ते पाच दिवसांत अंडे उबते, आणि त्यातून निघालेली, नीट न्याहाळल्याखेरीज नजरेस न पडणारी अळी काही तासांतच शेंड्यात अथवा फळाच्या टोपीखालून गरात शिरून आपल्या मागचे छिद्र विष्ठेने बुजवून टाकते. त्यानंतर दोन आठवड्यांच्या सुमारास, पूर्ण वाढ होऊन ती बाहेर पडेपर्यंत, वरून कितीही जहाल औषध मारले तरी ते तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. शेतकऱ्याला दिसतो तो मान टाकलेला शेंडा आणि फळावरचे ठसठशीत भोक. ते पाहून तो तातडीने पंप पाठीवर घेतो. पण हे भोक बहुतेक वेळा अळी बाहेर पडल्याचे असते. ज्या अळीसाठी हा सारा खटाटोप चालला आहे, ती एव्हाना झाडाखालच्या पाचोळ्यात कोषात जाऊन निजलेली असते.

औषधाचा खरा उपयोग अंडे फुटल्यापासून अळी आत शिरेपर्यंतच्या त्या थोड्या तासांत आहे, आणि ते तास कोणते हे डोळ्यांना कळत नाही. तेव्हा शेतकरी आपल्या बुद्धीप्रमाणे यातून जी तोड काढतो ती अशी की, आठवड्यातून एकदा, बहर असला तर दोनदा, कीड दिसो वा न दिसो, फवारा काढायचाच, म्हणजे त्यातला एखादा तरी वेळेवर पडेल. यात तर्क नाही असे कोणी म्हणू नये. परंतु या तोडग्याची किंमत फार मोठी पडते, कारण ढालकिडे, क्रायसोपाच्या अळ्या, अळीच्या अंगात आपली अंडी घालणाऱ्या बारीक गांधिलमाश्या, असे जे मित्रकीटक मळ्यात फुकट राबत असतात, त्यांचा या वेळापत्रकी फवारणीत प्रथम संहार होतो. आणि मग ज्या लाल कोळ्याचे किंवा पांढऱ्या माशीचे पूर्वी फारसे चालत नव्हते, ते मोकळे रान मिळून उसळतात, व त्यांच्यासाठी पुन्हा निराळे औषध आणावे लागते. पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांचा सततचा मारा झाला की कोळी वाढतो, हे तर अनेक देशांत वारंवार नोंदले गेलेले सत्य आहे.

ओळखीच्या किडींबाबत ही स्थिती, तर नवख्या किडीची कथा काय सांगावी! दक्षिण अमेरिकेतून जगभर पसरलेली टोमॅटोची एक अळी २०१४ साली भारतात प्रथम पुण्याच्या परिसरात आढळली. आपल्या शेतकऱ्याला पानावर नागमोडी रेघ काढणारी जुनी नागअळी परिचित होती. ही नवी अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये पसरट पोकळ डाग पाडते आणि फळही पोखरते. पानात पोखरण दिसली म्हणजे ती नागअळीच, या पूर्वानुभवावर विसंबून जुन्या अळीचेच औषध जेथे मारले गेले, तेथे त्याचा उपयोग झाला नाही.

कीड ओळखली, आता औषध कोणते? हा निर्णय शेतात होत नाही, दुकानात होतो. "अळी लय झालीया, काहीतरी कडक द्या, अन् पंपाला किती ते सांगा," एवढ्या वाक्यात शेतकऱ्याची तक्रार, मागणी आणि पृच्छा, तिन्ही येऊन जातात. राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, तालुक्याला कृषी अधिकाऱ्याचे दप्तर आहे, गावाला कृषी सहायक नेमलेला आहे; परंतु संध्याकाळी आठ वाजता, दुसऱ्या दिवशीच्या फवारणीच्या आदल्या रात्री, ज्याचे दार उघडे असते तो कृषी सेवा केंद्राचा मालकच होय. शिवाय तो उधारीवर माल देतो. आडत्याची पट्टी हातात येईल तेव्हा दुकानाचे खाते चुकते करायचे, हा सर्वत्र चालत आलेला शिरस्ता आहे. आणि ज्याचे पैसे आपल्याकडे थकलेले आहेत, त्याने फळीवरून काढून दिलेली बाटली "ही नको, दुसरी द्या" असे म्हणून परत करणे फारच थोड्यांना साधते. दुकानदाराला यात खलपुरुष ठरवण्याचे कारण नाही. पीक बुडाले तर त्याची वसुलीही बुडते, म्हणून पीक तरावे अशीच त्याची इच्छा असते. मात्र तरण्याची शाश्वती जितकी अधिक हवी, तितकी एका औषधाऐवजी तीन औषधे देण्याकडे त्याची प्रवृत्ती होते. कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि वर स्टिकर, अशी चार बाटल्यांची पिशवी घेऊन शेतकरी घरी येतो आणि मजुरीचा एक दिवस वाचावा म्हणून चारही एकाच पिंपात ओततो. कोणते औषध कोणत्या औषधात मिसळले असता फाटते, पाणी अल्कधर्मी असले तर फॉस्फरसयुक्त औषधे फवाऱ्यापूर्वीच कशी विघटित होऊ लागतात, हे त्याला सहसा कोणी सांगितलेले नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने २००३ साली दुकानदारांसाठीच एक वर्षाचा पदविका-अभ्यासक्रम सुरू केला, त्यामागे हीच जाणीव होती की खेड्यातला प्रत्यक्षातला कृषी सल्लागार दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, तेव्हा त्यालाच शिकवले पाहिजे. ही तजवीज योग्य होती, असे मला वाटते.

दुकानाच्या फळीवरच आणखी एक घोटाळा दडलेला आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत कमी चर्चिला गेलेला आहे. एकच मूळ रेणू निरनिराळ्या कंपन्या पाच-पन्नास व्यापारी नावांनी विकतात. बाटलीवर व्यापारी नाव ठसठशीत असते, आणि रेणूचे नाव त्याखाली बारीक अक्षरांत. शेतकऱ्याला 'औषध आलटूनपालटून मारावे' हा उपदेश ठाऊक आहे, आणि तो प्रामाणिकपणे पाळतोही. पण तो बदलतो ते नाव. गेल्या खेपेस हिरव्या बाटलीतले, या खेपेस पांढऱ्या बाटलीतले. आत मात्र तोच रेणू, किंवा त्याच गटातला दुसरा. फॉस्फरसयुक्त आणि कार्बामेट औषधे कीटकाच्या मज्जासंस्थेतील एका विशिष्ट विकराला निकामी करतात; पायरेथ्रॉइडे मज्जातंतूंच्या सोडियम-मार्गांवर आघात करतात; अलीकडची डायमाइड वर्गातील औषधे स्नायूंतील कॅल्शियमचा साठा मोकळा करून अळीला लुळी पाडतात. मारण्याची पद्धत बदलली तरच किडीतील प्रतिकारशक्ती खुंटते; एकाच पद्धतीचे घाव पुनःपुन्हा बसले तर ज्या थोड्या अळ्या निसर्गतः त्याला दाद देत नाहीत, त्यांचीच प्रजा पुढे वाढते. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने हे जगाला चांगलेच शिकवले आहे. जावा बेटावर १९५३ मध्ये तो डीडीटीला पुरून उरल्याची नोंद झाली, आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक वर्गातील औषधाला त्याने कोठे ना कोठे दाद देणे सोडले आहे. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ साली शोधला आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या गौरवास पाच वर्षे होतात न होतात तोच ही अळी त्यातून निसटली होती.

आता त्या प्रश्नाकडे वळू, जो शेतकरी दुकानातून निघता निघता विचारतो: पंपाला किती? शास्त्रज्ञ आणि सरकार हेक्टरी हिशोब करतात, शेतकरी पंपावर. टोमॅटोवरील फळ पोखरणाऱ्या अळीसाठी क्लोरँट्रानिलिप्रोल या औषधाचे प्रमाण लेबलावर हेक्टरी १५० मिलिलिटर, ५०० लिटर पाण्यात, असे असते. म्हणजे लिटरला ०.३ मिलिलिटर, आणि १५ लिटरच्या पंपाला साडेचार मिलिलिटर. हा भागाकार अवघड नाही. पण साडेचार मिलिलिटर मोजायचे कशाने? बाटलीचे टोपण हेच बहुतेक मळ्यांतले माप, आणि प्रत्येक बाटलीचे टोपण निराळे. त्यात 'थोडे जास्त पडले तर बिघडत नाही' ही भावना मनाशी असतेच, कारण कमी पडले तर पीक जाते, जास्त पडले तर फक्त पैसे जातात, असा त्याचा हिशोब असतो. पेट्रोलवर चालणारा पंप आला की हा हिशोब आणखी गुंततो. त्याचे तुषार बारीक, पाणी थोडे लागते, म्हणून त्याच क्षेत्राला तेवढेच औषध पुरवण्यासाठी दर लिटरला ते सुमारे तिप्पट घालावे असे कृषी सल्ल्यांत सांगितलेले असते. पण हे तिप्पट प्रमाण कानात राहून साध्या पंपातही पडले, तर फवारणाऱ्याच्या अंगावर येणारे मिश्रणही तिप्पट जहाल असते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाली, तेव्हा माणसाच्या उंचीची दाट कपाशी, उकाडा, दाबाने उडणारे बारीक तुषार आणि जहाल औषधांची मनमानी मिश्रणे या साऱ्यांची चर्चा झाली. ते पीक भाजीचे नव्हते. पंप, बाटल्या आणि सवयी मात्र त्याच होत्या.

फवारणाऱ्याच्या देहाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण येथे सर्वाधिक घातक गैरसमज वावरतात. औषधाची भीती माणसाला नाकाने वाटते. ज्याचा वास उग्र ते जहाल, ज्याला वास नाही ते सौम्य, अशी वाटणी मनात ठरलेली असते. म्हणून फवारणी करणारा नाकातोंडावर उपरणे बांधतो, आणि बांधले की निर्धास्त होतो. वस्तुतः शेतात राबणाऱ्याच्या अंगात विष जाण्याचा मुख्य मार्ग कातडी हा आहे. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात पॅराथिऑन या विषाचा अतिसूक्ष्म, खूण केलेला अंश स्वयंसेवकांच्या शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावून किती शोषला जातो याची मोजदाद केली गेली. हाताच्या कोपराखालील भागातून सुमारे ९ टक्के, तळहातातून १२, डोक्याच्या कातडीतून ३२, कपाळातून ३६, काखेतून ६४ आणि अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ सर्वच्या सर्व विष आत गेले. आता मळ्यातला पाठीवरचा पंप डोळ्यांसमोर आणावा. त्याचा वॉशर झिजलेला, झाकण सैल. चालताना प्रत्येक पावलाला थोडे मिश्रण डुचमळून बाहेर येते, पाठीवरून ओघळते, कमरेशी चड्डीच्या नाडीत मुरते आणि तेथून जांघेत उतरते. चार तास तो ओला कपडा अंगावरच असतो, आणि कातडी घामाने भिजलेली असते. नाकावरचे उपरणेही थोड्या वेळात तुषारांनी भिजते आणि मग ते संरक्षण करण्याऐवजी विष गालांना व ओठांना चिकटवून धरते. पन्नास रुपयांच्या आत मिळणारा नवा वॉशर हे काम कितीतरी अधिक चांगले करील. नोझल तुंबले की ते तोंडाने फुंकण्याची सवय, पिंपातले मिश्रण उघड्या हाताने ढवळण्याची सवय, वाऱ्याच्या तोंडावर चालण्याची सवय, याही सर्व अशाच. त्या बेफिकिरीतून आलेल्या नाहीत, तर हात धुतले की विष गेले या समजुतीतून आलेल्या आहेत.

फॉस्फरसयुक्त औषधे माणसाच्या शरीरातही त्याच विकरावर आघात करतात ज्यावर कीटकाच्या. तो विकर एकदा निकामी झाला की पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. म्हणून सोमवारी थोडे, गुरुवारी थोडे, असे अंगात गेलेले विष परिणामाने साठत जाते. फवारणीच्या संध्याकाळी डोके जड होणे, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, यांना घरात 'ऊन लागलं' असे म्हणतात, आणि गूळ-दूध घेतले की विष उतरते असा समजही पुष्कळ ठिकाणी आहे. त्याला काही आधार नाही. लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, छातीत घरघर आणि स्नायूंची फडफड ही लक्षणे दिसताच रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे, अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे, आणि बाटली सोबत न्यावी. कारण अॅट्रोपीन हा उतारा फॉस्फरसयुक्त आणि कार्बामेट विषांवर चालतो, पण प्रत्येक विषावर चालत नाही, आणि बाटली पाहिल्यावाचून डॉक्टरला ते कळणे कठीण जाते.

बाटलीवर काय असते? आपल्याकडे कीटकनाशकांचा कायदा १९६८ साली झाला, आणि त्यामागे एक दुःखद प्रकरण होते: १९५८ साली केरळात धान्यादी मालाला वाहतुकीत पॅराथिऑन लागून, ते अन्न खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली. या कायद्याखालील नियमांनी प्रत्येक वेष्टनावर एक टोकावर उभा चौकोन छापणे बंधनकारक केले. त्याचा खालचा त्रिकोण लाल असेल तर औषध अत्यंत विषारी, पिवळा असेल तर तीव्र विषारी, निळा असेल तर मध्यम आणि हिरवा असेल तर सौम्य. लाल म्हणजे पोटात दिल्यास प्रयोगातील निम्मी जनावरे शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने मरतात. साठ किलोच्या प्राण्याच्या हिशोबाने ही मात्रा तीन ग्रॅमच्या आत येते. परंतु ही वर्गवारी विषाच्या तात्कालिक परिणामापुरती आहे. निळा त्रिकोण माणसाला थोडा दिलासा देतो. मधमाशीला किंवा विहिरीतल्या माशाला तो काहीच सांगत नाही. काकडी आणि भोपळ्याची फुले सकाळी उमलतात, तेव्हाच मधमाश्या येतात, आणि तेव्हाच फवारा मारला तर पुढे फळे वाकडी आणि थोडी धरतात. दोष मात्र बियाण्याला लागतो.

यानंतर प्रतीक्षेचा प्रश्न येतो, आणि भाजीपाल्याच्या बाबतीत सर्वांत बिकट गाठ येथेच आहे. प्रत्येक औषधाच्या लेबलावर, शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यावेत, हे पीकवार दिलेले असते. वर उल्लेखिलेल्या क्लोरँट्रानिलिप्रोलचे हे दिवस टोमॅटोला ३, भेंडीला ५ आणि वांग्याला २२ आहेत. म्हणजे औषध एक, दुकान एक, शेतकरीही एक, आणि दोन शेजारच्या वाफ्यांत अंतर एकोणीस दिवसांचे! आता भेंडीचा तोडा एक दिवसाआड करावाच लागतो, नाहीतर शेंग निबर होऊन बाजारात कोणी विचारत नाही. वांगे चार-पाच दिवसांनी तोडावे लागते. बावीस दिवस थांबायचे तर भर बहरातले चार-पाच तोडे फेकून द्यावे लागतील. धान्य, ऊस यांना ही अडचण सहसा येत नाही, कारण तेथे शेवटची फवारणी आणि काढणी यांत बहुधा पुरेसे अंतर असते. भाजी मात्र एकाच वेळी वाढत असते, किडत असते आणि विकलीही जात असते. यावर शेतकऱ्याने आपल्यापुरता एक रिवाज पाडला आहे: तोडा झाला की त्याच संध्याकाळी फवारा. हा रिवाज शहाणपणाचा आहे, कारण दोन तोड्यांमध्ये मिळू शकेल तेवढे अधिकात अधिक अंतर तो औषधाला देतो. ऊन, पाऊस, वनस्पतीतील रासायनिक क्रिया आणि फळाची वाढ यांनी अवशेष उतरू लागतात. परंतु ज्याला बावीस दिवस लागतात ते चार दिवसांत उतरत नाही. यावर खरा मार्ग असा की दीर्घ प्रतीक्षेची औषधे फुलोऱ्यापूर्वीच वापरून घ्यावीत, आणि तोडे सुरू झाल्यावर अल्प प्रतीक्षेचीच घ्यावीत. त्यासाठी तो आकडा औषध घेतानाच माहीत असला पाहिजे, आणि दुकानात विचारला जातो तो आकडा पंपाचा असतो. दिवसांचा सहसा विचारला जात नाही.

धुतल्याने भाजी शुद्ध होते, हा शहरातला समजही येथेच तपासून घ्यावा. पृष्ठभागावर राहणाऱ्या औषधाचा काही भाग धुतल्याने निश्चित जातो, म्हणून धुणे सोडू नये. आंतरप्रवाही औषध मात्र वनस्पतीच्या रसात मिसळलेले असते, ते नळाच्या पाण्याने जात नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांनी पीकवार कमाल मर्यादा ठरवल्या आहेत, आणि जेथे अशी मर्यादा ठरलेली नाही तेथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे शंभर टन मालात एक ग्रॅम, एवढेच चालते. दोडका, गवार, मेथी यांसारख्या पिकांसाठी अधिकृत शिफारस असलेली औषधे फार थोडी आहेत. कंपन्यांना त्यांच्या नोंदणीचा खर्च परवडत नाही. तेव्हा कारल्यावर टोमॅटोचे औषध मारणारा शेतकरी कायद्याने कसूरदार ठरतो, पण कायदेशीर औषधाची फळीच जर रिकामी असेल तर त्याने कोठे जावे, याचे उत्तर त्याला कोणी दिलेले नाही.

तोडणीला येतात त्या बहुधा स्त्रिया. त्यांनी पंप पाठीवर घेतलेला नसतो, म्हणून त्यांची गणना फवारणाऱ्यांत होत नाही, आणि संरक्षणाच्या कोणत्याही सूचनेत त्यांचा निर्देश नसतो. पण सकाळच्या दवाने ओल्या झालेल्या, नुकत्याच फवारलेल्या भेंडीच्या ओळींतून कमरेपर्यंत भिजत, उघड्या हातांनी शेंगा खुडत त्या तासन् तास चालतात. भेंडीच्या लवेने हातांना आधीच बारीक ओरखडे पडलेले असतात, आणि तेच हात न्याहारीच्या भाकरीला लागतात. फवारणीसाठी पाणी वाहून आणणे, घरी आल्यावर नवऱ्याचे औषधाने भिजलेले कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुणे, हीही त्यांचीच कामे. फवारा आणि तोडा यांत निदान एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा, तोडणीच्या बायांना लांब बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे मालकाने द्यावेत, औषधाचे कपडे वेगळे धुवावेत, ही मागणी फार मोठी नाही.

सवयी बदलू शकतात, याचा पुरावा याच मुलखात आहे. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या औषधाचे अवशेष सापडले आणि निर्यातीचा माल अडचणीत आला. त्यानंतर निर्यात प्राधिकरण आणि पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी मिळून जी व्यवस्था बसवली, तीत प्रत्येक बागेची नोंदणी, चालू शकणाऱ्या औषधांची आणि प्रतीक्षेच्या दिवसांची यादी, शेतकऱ्याने तारीखवार ठेवायची फवारणीची वही आणि काढणीपूर्वी नमुन्याची तपासणी, एवढ्या गोष्टी आल्या. नाशिककडचा बागायतदार ही वही काटेकोरपणे लिहू लागला. तोच शेतकरी, तेच शिक्षण, तोच पंप. बांधाच्या पलीकडे त्याच्याच टोमॅटोला मात्र वही नाही, कारण पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा भाव रंगावर, आकारावर आणि डागरहित सालीवर ठरतो, आणि फवारणीची वही तेथे कोणी मागत नाही. येथे उणीव ज्ञानाची आहे असे म्हणणे मला कठीण वाटते.

कायद्याने बंदी घातली म्हणजे काम भागले असेही नव्हे. मोनोक्रोटोफॉस या अतिजहाल औषधाचा भाजीपाल्यावरील वापर केंद्र सरकारने २००५ सालीच बंद केला. परंतु कापसासाठी त्याची विक्री पुढे अनेक वर्षे चालू राहिली, आणि ज्या घरी कापूस व भाजी दोन्ही आहेत, तेथे ती बाटली कोनाड्यात राहिलीच. बिहारमध्ये २०१३ साली शाळेतील जेवणातून तेवीस मुले दगावली, त्या जेवणाच्या तेलात हेच विष सापडले होते. रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे, मग ती भोसकून निकामी करावी, आणि तिच्यात रॉकेल-तेल काही म्हणजे काही भरू नये, हा नियम पाळला जावा यासाठी याहून निराळे कारण सांगण्याची गरज नाही.

औषधाखेरीज जे उपाय आहेत ते शेतकऱ्याला माहीतच नाहीत असे नव्हे. टोमॅटोच्या दर सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावावी, आणि तीही टोमॅटोची रोपे पंचवीस दिवसांची असताना झेंडूची रोपे पंचेचाळीस दिवसांची असावीत, म्हणजे दोघांचा फुलोरा एकदम येऊन घाटेअळीचा पतंग झेंडूकडे वळतो, ही बंगळूरच्या उद्यानविद्या संस्थेची शिफारस जुनी आहे. पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून शंभर लिटर पाण्यात केलेला अर्क, उन्हाने त्यातील गुण नाहीसे होतात म्हणून संध्याकाळी फवारावा. वांग्याचे मान टाकलेले शेंडे दर आठवड्याला खुडून नष्ट करावेत. कामगंध सापळे लावावेत. पण सापळा एकट्याने आपल्या वीस गुंठ्यांत लावून पुरत नाही, शेजाऱ्यांनीही लावावा लागतो. आणि मुख्य म्हणजे त्याचा 'रिझल्ट' डोळ्यांना दिसत नाही. औषध मारल्यावर दुसऱ्या दिवशी अळ्या मरून पडलेल्या दिसतात. झेंडूने वाचवलेले टोमॅटो कोणाला दिसणार?

इंडोनेशियात १९८६ साली भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी आली, आणि काही वर्षांतच तेथे शेतीशाळांची पद्धत रुजवली गेली. आठवड्यातून एक सकाळ शेतकऱ्यांचा गट शेतात बसतो, रोपावरचे किडे आणि मित्रकीटक मोजतो, चित्र काढतो, आणि बरणीत कीड व कोळी एकत्र ठेवून कोण कोणाला खातो ते पाहतो. महाराष्ट्रातही अशा शेतीशाळा भरतात. वांग्याच्या पानामागचे एक अंडे पानासकट काचेच्या बरणीत ठेवावे, तिला फडके बांधावे, आत एक कोवळे फळ टाकावे, आणि रोज सकाळी पाहावे. अंडे उबणे, अळी आत शिरणे आणि नंतर बाहेर पडणे हे सारे ज्याने एकदा पाहिले, त्याला भोक दिसल्यावर फवारण्यात अर्थ नाही हे पुन्हा सांगावे लागत नाही. डोळ्यांनी शिकणाऱ्या माणसाला शिकवण्याचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही.

अशा शेतीशाळा सर्वांपर्यंत पोहोचतील तोवर एक लहानशी गोष्ट उद्यापासून होऊ शकते. शेतकऱ्याने पक्की पावती घ्यावी असे कृषी खाते वारंवार सांगते. त्या पावतीच्या मागे दुकानदाराने स्वच्छ मराठीत आणखी तीन ओळी लिहून द्याव्यात: औषधातील मूळ रेणू कोणता, साध्या पंपाला किती मिलिलिटर, आणि तोडा किती दिवसांनी. कृषी खात्याने परवान्याच्या अटींत ही अट घालावी, मापाचा पेला प्रत्येक बाटलीबरोबर सक्तीचा करावा. आणि अट येईपर्यंत शेतकरी बंधूंनी पंपाला किती हे विचारताना, तोडा किती दिवसांनी हेही विचारावे, आणि उत्तर लिहून मिळाल्यावाचून बाटली घेऊ नये.